उमेदवार डॉक्टर आणि त्याची वही



डॉक्टरांच्या विषयावर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी युनियनच्या माणसाला बोलवावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. आमचे शाळेतले शिक्षण दहावीशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर, तारखेची वाट पाहता पाहता झाले. तेव्हा वैद्यकशास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही, आणि तसा आव आम्ही आणणारही नाही. पण ज्या माणसांची नाडी डॉक्टर पाहतो त्यांच्यातच आमचे आयुष्य गेले. त्या बाजूने पाहिलेला हा इतिहास आहे.

प्रथम आम्ही या विषयाकडे वळलो कसे, ते सांगितले पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका फाउंड्रीतल्या तीन कामगारांचे प्रकरण आमच्याकडे आले. तिघेही फेटलिंग खात्यातले. ओतून निघालेल्या मालाला चिकटलेली वाळू छिन्नीने आणि ग्राइंडरने काढून टाकायची, हे त्यांचे काम. अंगावर, अन्नात, श्वासात वाळूची पूड. तिघांनाही जिना चढवेना. १९४८च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा कळवण्याजोगा रोग ठरवला होता आणि तो आढळल्यास सरकारला कळवण्याचे बंधन डॉक्टरावर घातले होते. आम्हाला वाटले, प्रकरण सरळ आहे. समोरच्या वकिलांनी मात्र तीनच प्रश्न विचारले. खोकला कोणत्या साली सुरू झाला? धाप प्रथम केव्हा लागली? नोकरीला लागताना छाती निर्दोष होती, याला पुरावा काय?

तिघेही बारा-पंधरा वर्षे एकाच दवाखान्यात जात होते. डॉक्टर भला माणूस. पैसे नसले तर मागत नसे. आम्ही त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, रोज शंभर माणसं तपासतो. औषध देऊ की लिहीत बसू?" कागद नव्हता. प्रकरण गेले. तिघांपैकी दोघे पुढे फार दिवस जगले नाहीत.

त्या डॉक्टरांवर आमचा पुष्कळ दिवस राग होता. पुढे वाचन वाढले तसा तो निवळला आणि त्या जागी एक प्रश्न उरला. त्यांना लिहिण्याची सवय कोणी लावली होती? ज्या वयात सवयी लागतात त्या वयात, म्हणजे उमेदवारीत, त्यांना ते कोणी शिकवले होते? आणि लिहिण्याइतका वेळ त्यांना कोणी दिला होता?

उमेदवारी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. फिटर असो, टर्नर असो, उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढल्याशिवाय हात बसत नाही. डॉक्टरांचेही तसेच आहे. विलायतेत फॅमिली डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याला पदवीनंतर आधी दोन वर्षे सर्वसाधारण उमेदवारी आणि मग साधारण तीन वर्षे खास या शाखेची उमेदवारी करावी लागते: काही काळ इस्पितळात, काही काळ मुरलेल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात. पण २००६ सालापासून इंग्लंडमध्ये एक वेगळी वाटही निघाली आहे. निवडक उमेदवारांची ही तीन वर्षे चार केली जातात आणि वाढवलेल्या काळात एकंदर वेळेचा सुमारे चौथा हिस्सा त्यांनी संशोधनाला द्यायचा असतो. पगार चालू राहतो. दवाखान्यात खोकला, पाठदुखी, तान्ह्या मुलाचा ताप पाहणारा उमेदवार उरलेल्या दिवसांत विद्यापीठात बसून नोंदी चाळतो, आकडे मांडतो, आपण दिलेल्या औषधाने माणूस खरोखर बरा होतो की आपल्याआपण, हे तपासतो.

वाचणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. आम्हाला विशेष वाटते ते एवढ्यासाठी की, त्या चौथ्या हिश्शाच्या वेळेला कोणीतरी पैसे मोजते. हे एका दिवसात घडले नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांची हकीकत आहे. ती सुरू होते, असे आम्ही मानतो, लँकेशायरमधल्या बर्न्ली या गावात.

बर्न्ली म्हणजे मागांचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे लाखाच्या घरात माग चालत होते, आणि त्या भागात विणलेल्या स्वस्त कापडाचे मोठे गिऱ्हाईक आपला देश होता. स्वदेशीच्या चळवळीत आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या कापडाच्या होळ्या केल्या, त्यातले काही कापड बर्न्लीच्या विणकरणींच्या हातचे असणार. त्या विणकरणींची आणि तिथल्या खाणमजुरांची नाडी पाहायला १८७९ साली जेम्स मॅकेंझी नावाचा एक स्कॉटिश तरुण आला. वय सव्वीस. शेतकऱ्याचा मुलगा. शाळा लवकर सोडून पर्थ गावात औषधविक्याकडे उमेदवारी केलेला. मग एडिंबरोला जाऊन १८७८ साली डॉक्टर झाला. परीक्षांतल्या घोकंपट्टीत त्याची गती बेताची होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात; आम्हाला हे वाचून थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

बर्न्लीत दोन अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली त्याने काम धरले. दिवसरात्र फेऱ्या, बाळंतपणे, खाणीतले अपघात. त्यातच त्याने प्रबंध लिहून १८८२ साली एडिंबरोची एम.डी. मिळवली. पण त्याच्या आयुष्याला वळण लागले ते एका मृत्यूने. हृदयाचा विकार असलेली एक तरुण स्त्री त्याच्या देखत बाळंतपणात गेली. हिला काय होते, ते आधी कळण्याजोगे होते काय, हा प्रश्न त्याला सोडीना. पुस्तकांत उत्तर नव्हते. पुस्तके लिहिणारे इस्पितळांतले. त्यांच्याकडे रोगी येई तो रोग पुरता मुरल्यावर, आणि बरा होऊन गेला किंवा वर गेला की त्यांचा संबंध संपे. आरंभी काय होते आणि पुढे वीस वर्षांत काय होते, हे पाहणारा एकच डॉक्टर होता: गल्लीतला.

मग मॅकेंझीने नोंदी ठेवायला आरंभ केला. प्रत्येक रोग्याची नाडी, तिचा ठोका कुठे चुकतो, हे कागदावर उतरवायचे. मनगटाची नाडी टिपण्याची यंत्रे तेव्हा होती; त्याने मानेतल्या शिरेचे स्पंदनही त्याच वेळी, त्याच पट्टीवर उमटेल अशी सोय केली. यंत्र सुधारायला तिथल्याच एका घड्याळवाल्याने मदत केली. पुढे काजळी धरलेल्या कागदाऐवजी शाईने लांबच लांब पट्टीवर रेघ काढणारे यंत्र तयार झाले. त्याला पॉलिग्राफ म्हणत. दोन रेघा एकाखाली एक पडल्याने हृदयाचा वरचा कप्पा केव्हा आकुंचन पावतो आणि खालचा केव्हा, हे छाती न उघडता दिसू लागले.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. मॅकेंझीच्या शोधांत सर्वात मोठा कोणता, हे डॉक्टर मंडळी सांगतील. झडप अरुंद झालेल्या रोग्यांना वर्षानुवर्षे तपासता तपासता त्याला असे आढळले की, एखाद्याची नाडी एके दिवशी कायमची बेताल होते आणि त्याच सुमारास मानेतल्या शिरेवरची वरच्या कप्प्याची लाट नाहीशी होते. हा विकार पुढे १९०९च्या सुमारास टॉमस लुइस यांनी विजेच्या यंत्राने नेमका ओळखला. आज त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा रोग्याला डिजिटॅलिस उपयोगी पडते, हेही मॅकेंझीने दाखवले. हे सर्व मोठे खरेच. पण कामगाराच्या बाजूने पाहता त्याचा दुसरा शोध आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. तो असा की, ठोका चुकणे म्हणजे दरवेळी रोग नव्हे. पुष्कळांचा ठोका मधूनच चुकतो, वाढत्या वयाच्या मुलांचा श्वासाबरोबर कमीजास्त होतो, आणि अशी माणसे पुढची वीस-तीस वर्षे खुशाल कामे करतात. हे त्याला कसे कळले? त्याने ती माणसे वीस वर्षे पाहिली होती म्हणून. त्याआधी अशा माणसाला डॉक्टर 'हृदय कमजोर' म्हणून सांगत आणि अंथरुणावर निजवीत. मागावरची बाई निजली की मजुरी बुडाली. एका शब्दाने घर बसत असे. आम्ही कारखान्याच्या दारात वैद्यकीय तपासणीत नापास झालेली तरणीताठी मुले पाहिली आहेत. त्यामुळे तो चुकीचा शब्द खोडून काढणाऱ्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

मॅकेंझी बर्न्लीत अठ्ठावीस वर्षे राहिला. १९०२ साली नाडीवरचा त्याचा ग्रंथ निघाला, १९०८ साली हृदयरोगांवरचा. त्यापूर्वी १९०७ साली तो लंडनला गेला. मान मिळाला, 'सर' झाला. परंतु लंडनमध्ये त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहिले. रोगी एकदा येई आणि जाई. पुढे त्याचे काय झाले, कळत नसे. अखेर १९१९ साली चालती मोठी प्रॅक्टिस सोडून तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला गेला आणि तिथे त्याने एक संस्था काढली. गावातले फॅमिली डॉक्टरच तिथे जमत, आपापल्या रोग्यांच्या नोंदी समोर ठेवीत, रोगाची सुरुवात कशी होते यावर विचार करीत. १९२५ साली तो स्वतः हृदयविकारानेच वारला. संस्था पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडली. एका माणसाच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्याच्यामागे कोलमडते. आमच्या चळवळीत अशी उदाहरणे पायलीला पन्नास सापडतील.

तथापि बी वाया गेले नव्हते. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात एस्गार्थ नावाचे खेडे आहे. तिथला डॉक्टर विल्यम पिकल्स याने १९२६ साली मॅकेंझीचे एक पुस्तक वाचले. तेव्हा त्याचे वय चाळीसच्या पुढे. उमेदवारीचा काळ कधीच सरलेला. पण त्याने वही घातली. त्याच्या टापूत मोजकी खेडी, एकमेकांपासून दूर, आणि कोण कुणाच्या घरी जातो हे सर्वांना ठाऊक. शहरात साथ आली तर कुणापासून कुणाला लागली, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. खेड्यात सांगता येते. १९२९ साली काविळीची साथ आली. तिचा माग काढता काढता पिकल्स एका घरकाम करणाऱ्या मुलीपर्यंत पोचला. सकाळी त्याने तिला अंथरुणात तपासले होते, आणि दुपारी ती गावच्या जत्रेत हजर होती! जत्रेत तिच्याजवळ आलेली माणसे महिन्याभराने पिवळी पडली. एवढ्यावरून काविळीचे विष अंगात किती दिवस दबा धरून राहते, याचा हिशोब त्याला मांडता आला. इस्पितळात बसून हा हिशोब कधीच जमला नसता, कारण इस्पितळाला जत्रा दिसत नाही.

पिकल्सची पत्नी आणि मुलगी घरी बसून रोजच्या नोंदींचे तक्ते भरीत. मोठमोठे कागद, प्रत्येक गावाला ओळ, प्रत्येक रोगाला रंग. १९३९ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विलायतेत फॅमिली डॉक्टरांचे कॉलेज १९५२ साली स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद याच खेड्यातल्या डॉक्टरला मिळाले. बायकोमुलीच्या बिनपगारी श्रमावर उभे राहिलेले शास्त्र, असे आम्ही याला म्हटले तर कुणी रागावू नये. मजुरीचा हिशोब करण्याची आमची सवय आहे.

आता वेल्सकडे वळू, कारण तिथे या हकीकतीत कामगार स्वतः शिरतो. मॅकेंझी आणि पिकल्स यांच्या कहाणीत तो केवळ रोगी होता.

दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतल्या खाणमजुरांनी आणि लोखंडकामगारांनी सरकारची वाट न पाहता, पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे कापून देऊन स्वतःच्या औषधोपचार संस्था चालवल्या होत्या. ट्रेडेगर गावची अशी संस्था प्रसिद्ध आहे. त्याच गावचा खाणमजूर अन्युरिन बेव्हन पुढे मंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने सर्व देशासाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. त्या सेवेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक नागरिकाचे नाव एका फॅमिली डॉक्टरच्या यादीत असणार. नाव यादीत असले की माणूस दवाखान्यात आला नाही तरी तो डॉक्टरच्या जबाबदारीत येतो. आपल्याकडे डॉक्टरला आलेला रोगी ठाऊक असतो; न आलेला ठाऊक नसतो. संशोधनाच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच पडतो. शंभरांपैकी कितींना रोग आहे हे सांगायचे तर आधी ते शंभर कोण, हे कळले पाहिजे.

त्याच सुमारास, १९४५ साली, खाणमजुरांच्या छातीत साचणाऱ्या कोळशाच्या धुळीचा अभ्यास करण्यासाठी कार्डिफजवळ सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाचे एक केंद्र निघाले. तिथे आर्ची कॉक्रन नावाचे डॉक्टर होते. महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून त्यांनी कैद्यांची सेवा केली होती. त्यांनी १९५०नंतर ऱ्होंडा फाख या खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक खाणमजुराचे, कामावरच्या आणि काम सुटलेल्या, क्षकिरण छायाचित्र काढण्याचा घाट घातला. दहांपैकी नऊ माणसे आली तरच आकड्याला अर्थ, असा त्यांचा आग्रह. आणि ती आली. कारण घरोघर जाऊन बोलावणाऱ्यांत छाती बिघडलेले खाणमजूरच होते, आणि खाणमजुरांच्या युनियनचे पाठबळ होते. आमच्या तीन फाउंड्रीवाल्यांना जो कागद मिळाला नाही, तो त्या खोऱ्यात एकेका घराला मिळाला.

या कॉक्रन यांच्या हाताखाली १९६०च्या सुमारास एक तरुण डॉक्टर काम करीत होता. नाव ज्युलियन ट्यूडर हार्ट. जन्म १९२७चा, केंब्रिजचा विद्यार्थी. मग लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळात शिकलेला. लंडनच्या गरीब वस्तीत फॅमिली डॉक्टरी केलेला. त्यानंतर मोजणी शिकायला संशोधनात आलेला. अशी दुहेरी उमेदवारी करणारे तेव्हा विरळा. संशोधक म्हणत, दवाखाना चालवणे म्हणजे वेळ फुकट. दवाखानेवाले म्हणत, आकडे मोजून कुणाचा ताप उतरत नाही. ट्यूडर हार्टने दोन्ही हात एकाच माणसाला जोडायचे ठरवले. १९६१ साली तो ग्लिनकॉरग नावाच्या खाणगावात राहायला गेला. लोकवस्ती सुमारे दोन हजार. दरीच्या टोकाला गाव. पुढे रस्ता संपतो.

पहिली काही वर्षे साचलेले काम उपसण्यातच गेली. मग १९६८च्या सुमारास त्याने ठरवले की गावातल्या वीस ते चौसष्ट वयाच्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब मोजायचा. शिबिर नाही, दवंडी नाही. कोणी पायाच्या फोडासाठी आला तरी आधी दंडाला पट्टा. दोनतीन वर्षांत बहुतेक गाव असेच येऊन गेले. उरले त्यांना गाठून, घरी जाऊन मोजले. साऱ्या गावाचा रक्तदाब मोजणारा पहिला फॅमिली डॉक्टर म्हणून त्याचे नाव झाले, आणि १९७० साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात तो लेख आला.

मोजल्यावर निघाले काय? रक्तदाब वाढलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचा विकार कुणाला ठाऊकच नसतो. ठाऊक असलेल्यांपैकी निम्म्यांवरच उपचार होतात. उपचार होतात त्यांच्यापैकी निम्म्यांचाच दाब आटोक्यात येतो. याला त्या शास्त्रात 'अर्ध्यांचा नियम' म्हणतात. बाजारातल्या हिशोबाने मांडू: शंभरांपैकी पन्नास ठाऊक, पंचवीस औषधावर, बाराजण सुरक्षित. अठ्ठ्याऐंशी माणसे वाऱ्यावर, आणि डॉक्टरला मात्र वाटत असते की आपल्या दवाखान्यात सगळे ठीक चालले आहे, कारण त्याच्यासमोर बसतात ते त्या पंचविसांतले.

१९७१ साली ट्यूडर हार्टने लॅन्सेटमध्येच आणखी एक लेख लिहिला. तो आज जगभर शिकवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे गरज सर्वात जास्त तिथे ती सर्वात कमी मिळते, आणि वैद्यकीवर बाजाराचा जोर जितका अधिक तितके हे उलटे गणित पक्के होते. कुणी म्हणेल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, कोणतीही कामगारीण सांगेल. खरे आहे. पण कामगारीण सांगते तेव्हा ती तक्रार होते. डॉक्टर वहीतून दाखवतो तेव्हा तिला पुरावा म्हणतात. हे न्याय्य नाही. पण न्यायालयाच्या बाकावर बसून आम्ही जे शिकलो त्यात हे पहिले आहे.

गावाने त्याला कसे स्वीकारले, हेही सांगण्यासारखे आहे. त्याचा दवाखाना देशातला पहिला मान्यताप्राप्त संशोधन-दवाखाना ठरला. मीठ कमी खाल्ल्याने रक्तदाब किती उतरतो, हे तपासायचे ठरले तेव्हा गावकऱ्यांनी दिवसरात्रीची लघवी बाटल्यांत भरून आणून दिली. त्या कामात ग्रॅहम वॉट नावाचा तरुण डॉक्टर होता; पुढे तो ग्लासगोला फॅमिली डॉक्टरीचा प्राध्यापक झाला. १९८३ साली निकाल प्रसिद्ध झाला. सौम्य विकार असणाऱ्यांत मीठ कमी केल्याने विशेष फरक दिसला नव्हता, आणि ते त्यांनी तसेच छापले. ज्याने बाटली आणली त्याला उत्तर कळलेच पाहिजे, मग ते कसेही असो. प्रयोगाआधी गावकऱ्यांना कारण सांगायचे आणि प्रयोगानंतर निकाल, ही रीत उमेदवाराला ग्रंथात सापडत नाही. ती अशा दवाखान्यात पाहून शिकावी लागते.

ग्लिनकॉरगची खाण १९७० साली बंद पडली. गावात बेकारी आली, सिगारेट आणि निराशा होतीच. तरीही पंचवीस वर्षांचा हिशोब १९९१ साली छापला गेला तेव्हा दिसले की रक्तदाबाच्या रोग्यांचा सरासरी दाब उपचारांपूर्वी १८६/११० होता तो १४६/८४ वर आला होता, आणि अशी मोजणी न झालेल्या शेजारच्या गावापेक्षा इथले मृत्यूचे प्रमाण कमी होते.  एकाच डॉक्टरने एकाच गावात राहून यादीतले एकही नाव न सोडता केलेले ते काम होते. ट्यूडर हार्ट २०१८ साली वारले.

आता सुरुवातीच्या उमेदवाराकडे परत येऊ. मॅकेंझीने झोपेतून वेळ काढला, पिकल्सने घरच्यांच्या हातातून, ट्यूडर हार्टने काही संशोधन मंडळाच्या मदतीने आणि पुष्कळसा स्वतःच्या संसारातून. असे वीर शतकात तीन-चार निघतात. त्यांच्यावर व्यवस्था चालत नाही. विद्यापीठांना हे उशिरा उमगले. फॅमिली डॉक्टरीचा जगातला पहिला प्राध्यापक, रिचर्ड स्कॉट, एडिंबरोला १९६३ साली नेमला गेला. फॅमिली डॉक्टर होण्यासाठी खास उमेदवारी सक्तीची व्हायला १९८०नंतरची वर्षे उजाडली. आणि त्या उमेदवारीत संशोधनासाठी पगारी वेळ राखून ठेवण्याची शिफारस २००५ साली झाली, अंमल पुढच्या वर्षी.

या व्यवस्थेवर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. चौथा हिस्सा वेळ म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे, असे उमेदवारच म्हणतात. दवाखान्यात गर्दी वाढली की पहिली गदा वहीवर येते. अशा जागाही थोड्या, आणि त्या विद्यापीठांच्या शहरांभोवती. ग्लिनकॉरगसारख्या दरीच्या टोकाला उमेदवार क्वचितच पोचतो. ट्यूडर हार्टचे उलटे गणित संशोधनालाही लागू पडते म्हणायचे! शिवाय उमेदवार बदलून जातो. मॅकेंझीचे सगळे रहस्य अठ्ठावीस वर्षांत होते. चार वर्षांच्या मुक्कामात माणसाचे पुढे काय झाले हे कसे कळणार? याला आमच्या मते एकच उत्तर आहे: उमेदवार बदलला तरी वही बदलता कामा नये. यादी दवाखान्याची, म्हणजे गावाची. तो येईल, चार पाने लिहील आणि पुढच्याच्या हाती देईल.

आपल्याकडे काय? १९४८च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली, १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, १९५४ साली मुंबईत पोचली. मुंबईत गल्लीतल्या डॉक्टरांनाच पॅनेलवर घेऊन त्यांच्याकडे कामगारांची नावे लावून दिली होती. म्हणजे गिरणगावच्या डॉक्टरांकडे ट्यूडर हार्टसारखीच यादी होती! पण त्या याद्यांचा उपयोग आम्हीही, म्हणजे कामगार चळवळीनेही, रजेच्या सर्टिफिकिटापलीकडे कधी केला नाही. डॉक्टर सर्टिफिकीट देईना म्हणून आम्ही मोर्चे नेले. नोंदी दाखवा म्हणून एकही नेला नाही. हा दोष आमच्या पदरात घालून घेतला पाहिजे.

डॉक्टरीची वरची पदवी घेणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यातले बहुतेक इस्पितळात दाखल झालेल्या रोग्यांवर असतात, कारण ते हाताशी असतात. वेगळे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघरच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली, गावातल्याच बायकांना नवजात मुलांची देखभाल शिकवली, आणि १९९९ साली लॅन्सेटमध्ये दाखवून दिले की त्यामुळे नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. बर्न्ली आणि ग्लिनकॉरगची जात ती हीच. पण आमच्या औद्योगिक वसाहतींत असे कोणी अजून वस्तीला आलेले आम्ही पाहिले नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही युनियनच्या कचेरीत एक वही घातली. डॉक्टरी काही नाही. सभासदाचे नाव, खाते, कामावर लागल्याची तारीख, खोकला केव्हापासून, धाप केव्हापासून, कोणत्या दवाखान्यात दाखवले. वर्गणी भरायला माणूस आला की विचारायचे आणि लिहायचे. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी, प्रबंधाला विषय शोधत होती. वही चाळून म्हणाली, "काका, खोकला असलेल्यांचीच नावं आहेत. नसलेले कुठे आहेत?" आम्ही म्हणालो, "ते कशाला?" तिने बसून तासभर समजावले. यादीतले सगळे मोजल्याशिवाय आकडा होत नाही, हे आम्ही कॉक्रनच्या पुस्तकात वाचले होते आणि स्वतःच्या वहीत विसरलो होतो.

सध्या ती रविवारी येते. फेटलिंग खात्यातली सर्व नावे, खोकणारी आणि न खोकणारी, नव्या वहीत उतरवून झाली आहेत. मोल्डिंग खाते अर्धे राहिले आहे.